जुन्या पिकअपची खडखड खालून वर शोधायची

माझं गॅरेज नारायणगावला आहे. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की मार्केटबाहेर पिकअपची रांग लागते आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या कधी ना कधी माझ्याकडे येतात. ब्रेक, क्लच, पाटे (लीफ स्प्रिंग) ही कामं असतातच. पण चार-पाच वर्षं झालेल्या गाडीचा मालक जाता जाता एक वाक्य हमखास बोलतो, "तेवढा डॅशबोर्ड वाजतोय, जरा आवळून द्या."

डॅशबोर्ड मी सगळ्यात शेवटी उघडतो. आवाज समोरून येतोय असं वाटतं खरं, पण केबिनचा पातळ पत्रा आणि डॅशबोर्डचं पोकळ प्लास्टिक खालचा आवाज उचलतात, मोठा करतात आणि ड्रायव्हरच्या तोंडासमोर आणून सोडतात. मूळ मागच्या पाट्याला चेसिसशी जोडणाऱ्या शॅकलच्या बुशात (पिनेभोवतीच्या नळीत) असतं आणि लोक स्क्रू आवळतात डॅशबोर्डचे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वर त्या स्क्रूंचे आटे जातात आणि एका आवाजाचे दोन होतात.

पिकअपची बांधणी आधी डोळ्यांसमोर आणा. कारसारखी ती एकसंध नसते. खाली दोन लांब पोलादी रेल आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर अशी चेसिस. तिच्यावर रबरी माउंटिंगवर बसवलेली केबिन. मागे वेगळा बोल्ट केलेला हौदा. एक चाक खड्ड्यात गेलं की चेसिस पिळवटते, ती पिळवटावी म्हणूनच तशी केलेली असते. त्या वेळी केबिन आणि हौदा आपापल्या जागी थोडे थोडे हलतात. नव्या गाडीत ही हालचाल रबर पिऊन टाकतं. रबर म्हातारं झालं की तीच हालचाल लोखंडावर लोखंड आपटून व्हायला लागते. त्यातून मागचे पाटे भरलेल्या गाडीच्या हिशेबाने बनवलेले. वाशीला माल उतरवून माळशेजमार्गे रिकामी परत येणारी गाडी जाताना गप्प असते आणि येताना वाजते, कारण रिकाम्या गाडीत पाटे ताठ राहतात आणि प्रत्येक खड्डा थेट वर पोचतो. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच: आवाज भरलेल्या गाडीत येतो, रिकाम्या गाडीत येतो, की दोन्हीत?

आवाज कुठलाही असो, त्यात दोन वस्तू असतात. त्या एकमेकींवर आपटतात तेव्हा खडखड होते, एकमेकींवर घासतात तेव्हा कुरकुर होते. इलाज तीनच आहेत. दोघींना घट्ट बांधा, दोघींमध्ये मऊ काहीतरी घाला, किंवा घासायचंच असेल तर गुळगुळीत घासू द्या. चुकीचा इलाज लावला तर काम टिकत नाही. जिथे सरकायला जागा हवी तिथे बांधलं की तुकडा तडकतो, आणि जिथे बांधायला हवं तिथे फोम कोंबला की तो महिन्याभरात चपटा होतो.

पाना उचलण्याआधी

केबिन पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. डॅशबोर्डवरचा देव, ग्लव्हबॉक्समधली पावत्यांची पिशवी, दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली, मोबाइलचा स्टँड, सगळं बाहेर. सीटच्या मागे किंवा खाली जॅक, टॉमी (लोखंडी दांडा) आणि व्हीलपाना असतो, तो हमखास सुटलेला असतो. जॅक त्याच्या जागेवर स्क्रू फिरवून ताणून बसवायचा असतो, नुसता ठेवायचा नसतो. टॉमी जुन्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून बांधा. एवढं करून गाडी फिरवून आणली की कितीतरी गाड्यांचं काम इथेच संपतं.

मग टायरची हवा बघा. भरलेल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची हवा वेगळी असते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही आकडे दिलेले असतात. पूर्ण लोडची हवा भरून रिकामी गाडी पळवली तर नवी गाडीसुद्धा वाजेल.

आता दोघं मिळून गाडी बाहेर काढा. एकाने चालवायची, दुसऱ्याने कान द्यायचा आणि हात फिरवायचा. चालवणाऱ्याने शोधायला जाऊ नये, त्याचं लक्ष रस्त्यावर हवं. काच बंद, पंखा बंद, टेप बंद. थोडा खराब, ओळखीचा रस्ता निवडा आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जा. शोधायच्या खुणा अशा:

गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, आणि आवाज ठरावीक रेसलाच येतो, थोडं पुढे-मागे केलं की जातो. हे इंजिनच्या कंपनाचं काम. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. आयडलला, म्हणजे रेस न देता, मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला साधारण २७ धक्के झाले, २,००० फेऱ्यांना ६७. केबिनमधल्या प्रत्येक सुट्या तुकड्याचा स्वतःचा एक ठेका असतो. इंजिनचा ठेका त्याच्याशी जुळला की तो झणझणतो, पुढे गेला की गप्प. अशा वेळी इंजिनचं माउंटिंग, सायलेन्सरचे रबर आणि सायलेन्सरवरचं उष्णतेचं पत्र्याचं झाकण आधी तपासा. त्या झाकणाचा एक बोल्ट गंजून गेला की आयडलला डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो.

आवाज इंजिनचा की रस्त्याचा हे कळत नसेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर तोच वेग वेगळ्या गिअरमध्ये ठेवून बघा. गिअर बदलल्यावर आवाज बदलला तर इंजिनकडे जा, तसाच राहिला तर चाकांकडे. खडखड चालू असताना ब्रेकवर पाय अगदी हलका टेकवा. लगेच थांबली तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल आहेत. क्लच सोडताना किंवा गिअर टाकताना खालून एकच "टक्" आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघा. वळणावर एका बाजूने दुसऱ्या बाजूला काहीतरी घरंगळत गेल्यासारखं वाटलं तर ते बहुधा सुटं पडलेलं सामान आहे.

सकाळी गार गाडीत कुरकुर आणि दुपारी शांत, किंवा उलट, असं असेल तर मात्र तो प्लास्टिकचा विषय आहे. त्याकडे पुढे येतो.

खालचं काम

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. सपाट जागा, चाकांना दगड आणि चेसिसखाली पक्के स्टँड, हे आधी.

मागच्या पाट्यांपासून सुरू करा. शॅकलच्या बुशात टॉमी घालून वर-खाली दाबा, पिन बुशात नाचत असेल तर बुश गेले. पाट्यांना एकत्र धरणाऱ्या क्लिपा सैल झाल्या की पाटे उलगडताना एकमेकांवर आपटतात. यू बोल्ट सैल असतील तर पाट्याच्या बैठकीजवळ गंजाची तांबूस पूड दिसते. ही पूड ओळखायला शिका, कारण लोखंड लोखंडावर हलतंय याची ती सही आहे. जिथे पूड तिथे हालचाल. यू बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, एकाआड एक, समान आवळायचे, आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालवून परत बघायचे. बुश रबरी असतील तर त्यांचे बोल्टही गाडी चाकांवर टेकल्यावरच शेवटचे आवळा. गाडी हवेत असताना आवळलं तर खाली टेकल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

शॉकअपचे वरचे-खालचे रबर, पुढच्या बाजूला अँटिरोल बारची लिंक, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, हे सगळं हाताने हलवून बघा. स्टीअरिंग हातात "कट्" करत असेल तर तो आवाजाचा विषय राहिलाच नाही. स्टीअरिंगच्या शाफ्टचा जॉइंट किंवा टाय रॉड आहे, त्याच दिवशी दाखवा. बाकी सगळी खडखड पुढच्या आठवड्यावर ढकलता येईल, ही नाही.

स्टेपनी चेसिसखाली लटकत असेल तर तिला हाताने ढकला. हलली तर साखळी पूर्ण गुंडाळलेली नाही. बॅटरीची क्लँप, हवेच्या फिल्टरचा डबा, बॉनेटचे रबरी टेकू हेही तेव्हाच बघून घ्या. बॉनेटचे टेकू आटे फिरवून वर-खाली होतात. ते थोडे वर घेतले की बॉनेट ताणून बसतं.

हौदा आणि फाळका

फाळका, म्हणजे हौद्याची उघडणारी बाजू, वाजला की आवाज केबिनच्या मागच्या काचेतून आत येतो आणि लोक सीट तपासत बसतात. फाळक्याच्या पिना झिजतात, खटक्याचं भोक लांबट होतं. लोहाराकडून भोक भरून नवं पाडून घ्या, आणि फाळका जिथे टेकतो तिथे कन्व्हेयर बेल्टच्या रबराची पट्टी बोल्ट करा. साखळ्यांवर जुन्या पाइपचा तुकडा चढवला की त्या पत्र्यावर वाजत नाहीत.

हौदा चेसिसवर यू बोल्टने बांधलेला असतो आणि काही गाड्यांत मध्ये लाकडाची पट्टी घातलेली असते. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेले की ते लाकूड सुकून बारीक होतं आणि यू बोल्ट आपोआप ढिले पडतात. हे वर्षातून एकदा, उन्हाळा संपताना, आवळून घ्यायचंच काम आहे. हौद्याची पुढची जाळी केबिनला टेकता कामा नये. मध्ये चार बोटं तरी जागा हवी. जादा क्रेट लावायला कुणी जाळी उंच करून पुढे झुकवून घेतली असेल तर चेसिस पिळवटली की ती केबिनच्या पाठीवर घासणार.

केबिनचं माउंटिंग

इथे जरा थांबून बघा, कारण "गाडी जुनी झाली, आता अशीच वाजणार" असं म्हणून सोडून दिलेल्या गाड्यांमध्ये दोष सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतो.

केबिनच्या तळाला चेसिसवरून बाहेर आलेल्या ब्रॅकेटवर रबराच्या जाड चकत्या असतात. एक ब्रॅकेटच्या वर, एक खाली, मधून बोल्ट. बोल्टभोवती पोलादी पाइपचा छोटा तुकडा असतो. बोल्ट कितीही आवळला तरी ताण त्या पाइपवर जातो आणि रबर ठरलेल्या मापापलीकडे दाबलं जात नाही. ही युक्ती समजली की निम्मं काम समजलं. पाइप गंजून खलास झाला किंवा कुणी जोडताना टाकलाच नाही, तर रबर चेपून चपाती होतं आणि केबिन चेसिसवर थेट बसते.

तपासायला टॉर्च लावून खाली बघा. रबर बाजूने फुगून बाहेर आलंय का, भेगा आहेत का, वरची चकती डाव्या-उजव्या बाजूला सारख्या जाडीची आहे का. मग टॉमी ब्रॅकेट आणि केबिनच्या मध्ये घालून हलकेच उचला. चांगलं रबर थोडं देतं आणि परत बसतं. गेलेल्या रबरात आधी मोकळी फट मिळते, मग "खट्" असा आवाज. एक माणूस आत बसवा. त्याने डॅशबोर्डवर हात ठेवायचा. तुम्ही खालून टॉमी हलवल्यावर त्याला तो "खट्" डॅशबोर्डमध्ये जाणवतो. गेल्या उन्हाळ्यात ओतूरकडचे एक तात्या त्यांच्या पिकअपचा डॅशबोर्ड दोनदा उघडून घेऊन आले होते. त्यांना असंच आत बसवलं आणि खालून टॉमी हलवली. तात्या आतून ओरडले, "अरे हाच! हाच तो!" ड्रायव्हरच्या पायाखालची चकती निम्मीच उरली होती.

रबर बदलताना एका बाजूचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे सैल करा आणि केबिनच्या तळाच्या मेंबरखाली रुंद लाकडी ओंडका ठेवून जॅकने लागेल तेवढीच उचला. नुसता पत्रा उचलू नका, तो आत जातो. उचलताना चार गोष्टींवर नजर हवी: स्टीअरिंगचा जॉइंट, गिअरचा दांडा, रेडिएटरचे पाइप आणि केबिनहून चेसिसला येणारी अर्थची वायर. यातलं काही ताणलं जात असेल तर थांबा. सगळे रबर एकदम बदला. एकच नवा आणि बाकी चपटे ठेवले तर केबिन तिरकी बसते आणि दारं लागेनाशी होतात.

टायरचं रबर गोल कापून चकत्या करायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि मी ती करून देत नाही. टायरच्या रबरात दोरा किंवा तार असते, ते फार कडक पडतं. खडखड गेली तरी सगळी थरथर सरळ केबिनमध्ये येते आणि ब्रॅकेटचं वेल्डिंग ताणावर येतं. मूळ मापाचे रबर महाग नसतात. शोधायला दोन दिवस लागले तर लागू द्या.

रबर काढलेलं असतानाच ब्रॅकेटला वायर ब्रश मारा. गंजाखाली केसासारखी भेग दिसली तर तीच तुमची कुरकुर. कायम जादा माल भरणाऱ्या गाडीत ती मिळतेच. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटला धोका असतो, आणि वेल्डिंगची अर्थ भेगेच्या जवळच लावा. केबिनच्या पाठीमागच्या कोपऱ्यात पत्र्याचे वेल्डिंगचे स्पॉट सुटले असतील तर तेही याच वेळी करून घ्या.

दारं

दार उघडून मागच्या कडेला धरा आणि वर उचला. वर-खाली हललं तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजले. बंद दार आत-बाहेर हललं तर बिजागरी ठीक आहे, खटका आणि बीडिंग, म्हणजे चौकटीची रबरी पट्टी, बघा.

बीडिंगची परीक्षा कागदाने होते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडून निघाली तर बीडिंग जिवंत आहे, सुळकन सुटली तर तिथे ते मेलंय. चौकटीभर दर वीतभर अंतरावर हे करा. बीडिंग फाटलेलं नसेल तर कोमट साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. सिलिकॉन मिळालं नाही तर टाल्कम पावडरही चालते. डिझेल, इंजिन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे रबराला लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं, चिकट होतं आणि त्यावर रस्त्याची धूळ बसली की ते जास्तच कुरकुरतं.

चौकटीवरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचा खटका ज्यात अडकतो तो तुकडा, सैल करण्याआधी पेन्सिलने त्याची बाह्यरेषा काढून ठेवा. आता तो आतल्या बाजूला अगदी जरासा, पेन्सिलच्या रेषेच्या जाडीइतका सरकवा, आवळा, दार लावून बघा. नाहीच पटलं तर परत थोडं. दार हलक्या हाताने लागलं पाहिजे आणि लागल्यावर डुगडुगायला नको. ज्या दाराला आपटावं लागतं त्याच्या आतल्या क्लिपा रोज थोड्या थोड्या सुटत असतात.

अर्धी उघडी काच वाजली तर फार मनावर घेऊ नका. पूर्ण वर असताना वाजली तर काचेच्या रनरमधला फेल्ट गेलाय किंवा काच वर-खाली करणारी मशीन सैल आहे. त्यासाठी दाराचं पॅड काढावं लागतं. पॅड काढताना स्क्रूड्रायव्हर न वापरता प्लास्टिकची चपटी पट्टी क्लिपच्या अगदी जवळ घाला आणि सरळ बाहेर ओढा. तुटलेली प्रत्येक क्लिप नवी घाला. जुनी क्लिप दुकानात सोबत न्या, कारण डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या क्लिपा एका मिलिमीटरने वेगळ्या असतात आणि सैल बसलेली क्लिप म्हणजे नवा आवाज. पॅडच्या आतला प्लास्टिकचा पातळ कागद फाडून फेकू नका, तो पाणी अडवतो. पॅड लावण्याआधी आतल्या वायरी आणि लॉकचे गज फोमच्या पट्टीने जागेवर बांधा.

पावसाळ्यात दारातून पाणी खळखळल्याचा आवाज आला तर दाराच्या तळाची भोकं मातीने बुजली आहेत. बारीक तार घालून मोकळी करा. दारात फोमचा स्प्रे मारून आवाज बंद करणारे कारागीर भेटतात. तो फोम हीच भोकं बंद करतो आणि दोन-तीन वर्षांत दाराचा तळ गळून पडतो.

सीटचं फारसं सांगण्यासारखं नाही. रेल झाडून ग्रीस करा, जमिनीचे बोल्ट तपासा, रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल खांबावर टकटक करतं तिथे फेल्टची टिकली चिकटवा. बेल्टचा जमिनीत किंवा खांबात गेलेला मोठा बोल्ट मात्र आवाजासाठी सैल करू नका.

आता डॅशबोर्ड

खालचं सगळं झालं आणि तरी आवाज आहे, तर आता समोर बसा.

प्लास्टिक आणि पोलाद एकमेकांशी सारखं वागत नाहीत. ४० अंशांचा फरक पडला की एक मीटर पोलाद साधारण अर्धा मिलिमीटर वाढतं. तेवढंच एबीएस प्लास्टिक तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ अंशांच्या पुढे सहज जातो आणि डिसेंबरच्या पहाटे तोच दहा-बारा अंशांवर असतो. एवढी ये-जा सामावून घ्यायला डॅशबोर्डची काही भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली असतात. त्यातले स्क्रू प्लास्टिक सरकू शकेल इतकेच घट्ट असायला हवेत. जोर लावून आवळले की प्लास्टिक अडकतं, मग ऊन चढताना "टक्... टक्" करत सुटतं. शेवटी स्क्रू धरणारा प्लास्टिकचा खांबच तडकतो. स्क्रूचं डोकं टेकलं की थांबायचं, एवढा साधा नियम आहे.

कुठला तुकडा वाजतोय हे शोधायला कागदी टेप वापरा. सगळ्या फटींवर टेप लावा, फिरवून आणा. आवाज गेला तर एकेक फटीची टेप काढत परत फिरवा. ज्या फटीची टेप काढल्यावर आवाज परत आला, तीच फट. वेळ खातं, पण डॅशबोर्ड उगाच उघडावा लागत नाही. आणि उघडणं टाळायलाच हवं. कारखान्यातून एकदा बसलेल्या क्लिपा आयुष्यभर टिकतात, दोनदा-तीनदा काढलेल्या टिकत नाहीत. गाण्यांचा टेप बसवणारा, जीपीएस बसवणारा, जादा लाइटचं बटण लावणारा, प्रत्येक जण घाईने पॅनेल उपसतो, एखादा स्क्रू आत पाडून जातो आणि चार वायरी मोकळ्या लटकवून ठेवतो. गाडीची बांधणी वाईट म्हणून जिला नावं ठेवली जातात, तिच्यातले निम्मे आवाज अशा हातांनी घातलेले असतात, हे मी पक्कं सांगतो. म्हणून काहीही बसवून घेताना शेजारी उभे राहा. निघालेले स्क्रू वाटीत ठेवायला सांगा आणि शेवटी मोजा.

उघडायचंच असेल तर दुपारी उघडा. गार प्लास्टिक तुटतं, कोमट प्लास्टिक वाकतं. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावू नका. स्टीअरिंग किंवा एअरबॅगच्या आसपासचं काम असेल तर इग्निशन बंद, बॅटरीची मायनस वायर काढलेली आणि पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून मगच. त्यातलं काम येत नसेल तर सर्व्हिस सेंटरला न्या.

आत सगळ्या वायरींच्या जुड्या कापडी टेपने गुंडाळून जवळच्या ब्रॅकेटला बांधा. प्लास्टिक प्लास्टिकवर घासतं तिथे फेल्टची पट्टी, पोकळ डक्ट पत्र्यावर आपटतो तिथे फोम. ग्लव्हबॉक्सचे दोन रबरी टेकू हरवलेले असतील तर नवे घाला, त्या दोन रुपयांच्या टेकूंनी पूर्ण ग्लव्हबॉक्स गप्प होतो.

तुटलेला स्क्रूचा खांब जोडायच्या आधी तुकडा उलटा करा. मागे इंग्रजी अक्षरांत प्लास्टिकची जात छापलेली असते. एबीएस असेल तर इपॉक्सी चांगलं धरतं. खांबाभोवती पाइपचा छोटा तुकडा बसवून आत इपॉक्सी भरा, रात्रभर सोडा, मग बारीक ड्रिलने भोक पाडा. पीपी लिहिलेलं असेल तर इपॉक्सी सोलून निघतं. तिथे तापवलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने त्याच प्लास्टिकची काडी वितळवून जोड द्यावा लागतो आणि आत पितळी जाळीचा तुकडा पुरला तर तो टिकतो. गरम गोंदाच्या बंदुकीने जोडलेलं काही मे महिना बघत नाही.

सिलिकॉनचा स्प्रे डॅशबोर्डवर फवारू नका. पेडलवर, स्टीअरिंगवर किंवा काचेवर उडाला तर घसरतं, आणि रात्री समोरून उजेड आला की काचेवर धुरकट दिसतं. कापसावर घेऊन नेमक्या फटीत लावा.

काम झाल्यावर बदललेल्या प्रत्येक बोल्टवर, नटापासून ब्रॅकेटपर्यंत, रंगाची एक बारीक रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता कळतं. भरलेल्या गाडीच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की एकदा खाली वाकून केबिन माउंटिंग, हौद्याचे यू बोल्ट आणि पाट्यांचे यू बोल्ट यांच्या रेघा बघा. रबर नवं असेल तर ते पहिल्या काही दिवसांत बसतं आणि बोल्ट थोडा ढिला होतो, तो तेव्हाच परत आवळून नवी रेघ ओढायची.